तिसरी कव

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी भूत मानत नाही, देव मानत नाही, पितर मानत नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत आणि त्या शोभेसाठी नाहीत. माझ्या वडिलांचं श्राद्ध मी घातलं नाही, घालणारही नाही. वरून मी बुलढाण्यात एका ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. आमच्या खानदानात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि ती डिग्री मला कुणी ओवाळणीत टाकलेली नाही. या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठीच. आता मीच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

गाव मेहकर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. माझ्या वडिलांना आम्ही ‘बा’ म्हणायचो, गाव त्यांना किसनबुवा म्हणायचं. बा पाटलाच्या घरी सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी – मालक सांगेल ते काम, मालक सांगेल तेव्हा. पाटलाचा पोरगा विलास माझ्याच वर्गात. दहावीपर्यंत एका बाकावर, पुढं बुलढाण्याला कॉलेजातही सोबत. तो दुसऱ्या वर्षाला नापास होऊन शेतीवर परत गेला, मी पुढं शिकलो. (हे लिहिताना मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.)

गावाबाहेर ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी पडीक रानात, एक आंबा होता. खोबऱ्या. त्याच्या कैरीची चव खोबऱ्यासारखी, म्हणून ते नाव. त्याच्यावर कुणाची मालकी नव्हती, त्यामुळे तो आमचाही होता. आमच्या वस्तीतल्या पोरांनी हक्कानं खाल्लेला तेवढाच एक आंबा.

बा आम्हा दोघांना घेऊन त्या झाडाला कव घालायचा. खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली की झाली एक कव. जुनी माणसं झाड तसंच मोजायची – हे दोन कवेचं, ते चार कवेचं. खोबऱ्याला तिघं लागायचो. बा, मी आणि विलास, तीन बाजूंनी, पोट खोडाला टेकवून, एकमेकांचे हात धरून. खोडाआड कुणी कुणाला दिसत नसे. मग बा हात दोनदा दाबायचा. दोनदा दाबलं की हात सोडायचा आणि ‘सोडलं!’ म्हणून ओरडायचं – असा खेळ. बाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. कडबा तोडताना गेलेलं. पाटलाचाच कडबा.

घरी गेलं की विलासची आजी त्याचे हात धुऊन घ्यायची. “झाडाचा चीक लागला असंन बाप्पा,” म्हणायची. आंब्याच्या खोडाला नुसती कव घातली तर चीक लागत नाही, हे बॉटनी न शिकताही मला तेव्हा कळत होतं.

मी शेवटच्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत. तेव्हा खोबऱ्या पडला. बानं पाडला. माणसं दिवसभर लांबच्या वावरात होती; संध्याकाळी परतताना कुऱ्हाडीचा आवाज ऐकून धावत गेली, तोवर झाड आडवं. तलाठी आला, पोलीस आले. विलासचे वडील आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “मले काय माहीत? कुऱ्हाड त्याची, हात त्याचे.” बाला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. त्यानंतर गावातली पोरंसोरं त्याला ‘झाडखाऊ किसना’ म्हणायला लागली. ते नाव त्याला मरेपर्यंत चिकटलं.

मी घरी आलो तेव्हा बानं मला एकदाच सांगितलं. “छोटे मालक निरोप घेऊन आलते सकाळी. आप्पानं सांगतलं, खोबऱ्या पाडा, सावलीनं शेजारच्या वावरातली आपली कपाशी बसून राह्यली. मी इचारलं, पाडू? तं म्हने, हाव.”

छोटे मालक म्हणजे विलास. चौकशीच्या दिवशी तो ओसरीवर खांबाला टेकून उभा होता म्हणे. खाली पाहत. एक शब्द बोलला नाही.

म्हणजे माझ्याजवळ काय होतं, तर फक्त बाचा शब्द. आणि एक गोष्ट, जी मी बायकोलाही कधी सांगितली नाही... मला अधूनमधून वाटायचं, बानं आपल्याच मनानं तर पाडलं नसेल? मालकाला खूश करायला? पोराच्या फीसाठी मालकाची मर्जी राहावी म्हणून? या शंकेची मला लाज वाटते. पण तीस वर्षं ती माझ्याजवळ होती. बा नऊ वर्षांमागं गेला, शंका नाही गेली. ती मिटवणारा माणूस जगात एकच होता आणि त्याला मी कधी विचारलं नव्हतं. गर्व म्हणा. पाटलाच्या पोरासमोर काही मागायला जायचं नाही, बापाचं नावसुद्धा नाही, असं मी ठरवलं होतं.

मागच्या डिसेंबरात त्याचाच फोन आला.

“मिल्या, वळखलं का बे?”

“नंबर सेव्ह आहे.”

“अबे, झाडं पाह्यले येतं का? कॉलेजात ठरवलं होतं ना आपण, जिल्ह्यातलं एकनएक मोठं झाड पाह्यचं म्हणून? यष्टीनं जाऊ, डबे बांधून नेऊ...”

“तीस वर्षं झाली त्याला.”

“मंग? झाडं काय पळून गेली का?”

“एक गेलं,” मी म्हणालो.

तो ऐकलंच नाही असं दाखवून पुढं बोलत राहिला. तो एक पुस्तिका काढत होता, जिल्ह्यातल्या थोर वृक्षांची. फोटो तो काढणार, शास्त्रीय नावं मी सांगायची. “तुयं नाव टाकतो ना आत. प्राध्यापक म्हणून टाकतो, लेका, अजून काय पाह्यजे?”

मी हो म्हणालो. आपल्याला झाडं आवडतात, हे एक. दुसरं... माहीत नाही. बाकावर शेजारी बसलेला माणूस पूर्ण परका होत नाही, तिथंच घोळ आहे.

दोन महिने आमचं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरणं चाललं. कोणती झाडं, कुठला रस्ता, पानगळ पाहायची की पालवी. आम्ही भांडलोही. त्याला देवाजवळचे वडपिंपळच हवे होते, मला बांधावरची बेवारस झाडं. शेवटी बारा झाडांची यादी झाली. शनिवारी मेहकरकडची, रविवारी सातपुड्याच्या पायथ्याची. खरं सांगतो, त्या दोन महिन्यांत मी खूश होतो. पुस्तकांतून नोंदी काढून त्याला पाठवायचो आणि तो पहाटे पाचला अंगठ्याचं चिन्ह पाठवायचा.

मग फेब्रुवारीत त्यानं कच्च्या पुस्तिकेची पीडीएफ पाठवली. ‘आता नसलेले वृक्ष’ या पानावर आमचा खोबऱ्या. खाली ओळ – ‘हा आम्रवृक्ष गावातीलच एका सालदाराने चोरून तोडला.’

नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. त्या वर्षी गावात सालदार होते तिघं आणि ठाण्यात बसलेला एकच.

सुनंदा, माझी बायको, म्हणाली, “आता कायले जाता त्याच्या संग? फोनवर दोन शिव्या द्या अन् ठेवून द्या.”

“शिव्या नाही द्यायच्या. विचारायचंय. आजवर विचारलंच नाही मी.”

“अन् तो सांगनार हाये का?”

“तोंडावर विचारल्यावर बघू.”

मार्चमधला शनिवार. मेहकरकडची वड, चिंचा अशी सात झाडं पाहून झाली. प्रत्येक झाडाखाली गावातली माणसं गोळा व्हायची, विलास त्यांना हात धरून झाडाभोवती उभं करायचा आणि मोजायचा. पुस्तिकेत प्रत्येक झाडापुढं दोन आकडे होते, टेपनं मोजलेला घेर आणि कवा. ‘सहा माणसांच्या कवेत’ असं वाचलं की लोकाईले झाड डोळ्यापुढं दिसतं, हे त्याचं म्हणणं. आणि कवा तो कधी अंदाजानं लिहीत नसे. तेवढे हात एकमेकांना लागले तरच आकडा. बाची पद्धत होती ती... तो तसं म्हणाला नाही.

माझी ओळख मात्र सगळीकडं सारखीच करून देत होता. “हे आमचे सर. आमच्या किसनबुवाचा पोरगा.” आमच्या. जसं आमचा बैल, आमची विहीर.

त्या दिवशी मी त्या ओळीचा विषय काढला नाही. माणसं होती सोबत. रात्री मी घरी परतलो, सकाळी त्यानं मला घ्यायला गाडी आणली.

रविवारी दुपारी आम्ही संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी पोचलो. यादीतलं अकरावं झाड – गोरखचिंच. हरभरा निघून गेलेल्या वावरात एकटं उभं. पान एक नाही. खोड हत्तीच्या पायासारखं, गुळगुळीत, राखाडी. वावरवाला आम्हाला भेटून जेवायला घरी गेला होता. चहूकडं नुसतं रान. माणूस काय, बकरी नव्हती. ऊन असं की झाडाची सावलीसुद्धा बारीक.

मी तिथंच विचारलं.

“विलास, खोबऱ्याच्या पानावरची ती ओळ काढ.”

तो कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात अडकवत होता. “कोनती?”

“तुला माहीत आहे कोणती. त्या दिवशी निरोप कुणी नेला होता?”

“मिल्या, जुनं काऊन उकरून राह्यला बे? आप्पा आता नाईत. गेलेल्या मानसाले मधात आनू नये.”

“माझा बाप कुठं बसलाय? तोही गेलेलाच आहे. त्याला तू पुस्तकात आणलंस.”

“नाव टाकलं का मी?”

“निरोप तू नेला होतास का नाही? हो का नाही, एवढंच सांग. बाकी मला काही नको.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकदा वाटलं, बोलतो आता. मग त्यानं झाडाकडं तोंड फिरवलं.

“मले नाई आठवत. चाल, कव घालू. मानसं नाईत तं दोघंच घालू, अंतर किती उरते ते पाहू. ऊन लागून राह्यलं.”

मला तिथून चालू लागायला पाहिजे होतं. पण मी त्याच्या सांगण्यावरून झाडाला जाऊन चिकटलो. रक्तात असतं की काय, कोण जाणे. मालकाचा पोरगा चाल म्हणाला की चालायचं.

तो पलीकडं गेला. माझा गाल खोडाला. डाव्या बाजूनं त्याचा उजवा हात आला, मी तो धरला. त्याच्या बोटात खड्याची जाड अंगठी आहे, ती टोचत होती. मग मी उजवा हात ताणला, जाईल तेवढा.

आणि तो धरला गेला.

पलीकडून विलास आनंदानं ओरडला, “अबे पोचला! म्हंजे दोन कवेचंच हाय हे झाड! मले तं मोठं वाटून राह्यलं होतं!”

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडं गेलं. ज्या हातानं मला धरलं होतं, तो कोरडा होता. भेगाळलेला, खरबरीत, पण धरण्यात जोर नाही. नुसता ठेवल्यासारखा. त्याची चार बोटं माझ्या पालथ्या मुठीवर होती, आणि त्यातलं पहिलं बोट मध्येच संपत होतं.

मी ओरडलो नाही. मान वळवून पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. का नाही केला, हे मला आजही सांगता येत नाही. पलीकडून विलासचा आवाज बंद झाला होता. एखादा मिनिट असेल, कमी असेल. मग तो हात दोनदा दाबला गेला.

मी सोडला. आणि त्याच क्षणी पलीकडून विलास बोलला – हळू, लहानपणीसारखं नाही, पण बोलला.

“सोडलं.”

मी कुणाचा हात दाबला नव्हता. डाव्या हातात त्याचा अंगठीचा हात होता, तो नुसता धरलेला होता. मग तो ‘सोडलं’ कुणाला म्हणाला?

मी खोडाला वळसा घालून गेलो. कुणी नव्हतं. विलास गाडीजवळ उभा राहून बाटलीतलं पाणी हातावर ओतत होता. फक्त डाव्या हातावर. मला तर त्यानं उजव्या हातानं धरलं होतं.

“काय लागलं हाताला?” मी विचारलं.

“काही नाई. चीक.”

मार्चमध्ये, गोरखचिंचेच्या वाळक्या सालीला, चीक.

मी टेप काढला. घेर साडेपंधरा फूट. पुन्हा मोजला, पुन्हा तेवढाच. मी साडेपाच फूट आहे, विलास माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. माणसाची कव साधारण त्याच्या उंचीइतकीच असते. हा प्रयोग मी दरवर्षी अकरावीच्या पोरांकडून करून घेतो. दोघांचे मिळून अकरा फूट, फार तर सव्वाअकरा. उरलेले सव्वाचार फूट कुणाचे?

“विलास, तुझ्या डाव्या हातात कुणाचा हात होता?”

“तुयाच.”

“माझा एक हात तुझ्या अंगठीच्या हातात होता.”

“अन् दुसरा इकून. दोन हात हायेत ना तुले?”

“टेप बघ की. साडेपंधरा फूट आहे. आणि तू ‘सोडलं’ का म्हणालास?”

“मी काही म्हनलो नाई.” मग एकदम चिडून, “तुले मायाकून काय वदवून घ्याचं हाय, ते समजते मले! बस गाडीत. बारावं झाड राहू दे.”

गाडीची चावी त्याच्या हातून खाली पडली. मी उचलून दिली तर माझ्या हाताला हात लागू न देता, टोकाला धरून घेतली. भीतीनं की सवयीनं? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मी हे कसं विचारणार होतो?

मी संग्रामपूरच्या स्टॅंडवर उतरलो आणि बसनं घरी आलो. सुनंदानं विचारलं, “कबूल झाला का?” मी म्हणालो, “नाही.” तेवढंच.

मी शास्त्राचा माणूस, गप्प बसणारा नाही. महिन्याभरानं कॉलेजमधल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्याच झाडापाशी गेलो. आधी दोघांनीच कव घातली. हात लागत नाहीत. मधे चांगलं सव्वाचार-साडेचार फुटांचं अंतर उरतं. तिसऱ्याला उभं केलं, मग बरोबर लागतात. त्यांना मी कारण सांगितलं नाही. हवा गरम होती, मी दमलो होतो, वडिलांच्या विषयावरून मन ताणलेलं होतं... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. माणसाचं मन नसलेलं बोट दाखवू शकतं, मान्य. पण खोडाच्या पलीकडच्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून ‘सोडलं’ कसं वदवेल?

जूनमध्ये पोस्टानं पुस्तिका आली. छान छापली आहे. मी पहिलं पान काढलं ते खोबऱ्याचं. ओळ तशीच. ‘गावातीलच एका सालदाराने चोरून तोडला.’ काना-मात्रेचाही फरक नाही.

मग सहज गोरखचिंच काढली. शास्त्रीय नाव बरोबर. ‘घेर – साडेपंधरा फूट.’ त्याखाली ‘मोजणी – लेखक व प्रा. मिलिंद.’ आणि त्याखाली –

‘कव – तीन माणसे.’

मी फोन लावला. “विलास, तिथं आपण दोघंच होतो. कवा तू अंदाजानं लिहीत नाहीस. तिसरं माणूस कोण?”

पलीकडून गाय हंबरल्याचा आवाज आला, म्हणजे गोठ्यात असावा.

“मिल्या,” तो म्हणाला, “हात लय खरबुडा होता बे.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही.

झालं एवढंच. तीस वर्षांची माझी शंका त्या एका वाक्यानं गेली. ज्याला काही आठवत नाही, त्याला हात कसा आठवला? झाडाखाली ‘तुयाच’ म्हणाला ते खोटं होतं, तसंच निरोपाचं ‘मले नाई आठवत’ हेही खोटं. निरोप त्यानंच नेला होता. बा खरं बोलला होता. पण हे कळलं कुणाला, तर मला एकट्याला. गावात पुस्तिका घरोघर गेली आहे आणि तिच्यात माझा बाप दोनदा आहे. एकदा चोर म्हणून, एकदा तिसरं माणूस म्हणून. दोन्ही ठिकाणी नाव नाही. आयुष्यभर नाव न घेता राबवून घेतलं, मेल्यावरही मोजणीच्या कामाला लावलं.

माझ्या प्रतीत मी दोन्ही पानांवर शाईनं नाव लिहिलं आहे. किसन. खोबऱ्याच्या पानावर, झाड पाडा म्हणून कुणी सांगितलं, तेही लिहिलं आहे.

स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. मी आजही काही मानत नाही. श्राद्ध घालणार नाही. कुणी मला मांत्रिकाचा पत्ता पाठवू नये. या सदरातल्या कुणाला हातांचं शास्त्र येत असेल तर जरूर सांगावं. पण त्या सव्वाचार फुटांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त छळते. तो बाच असेल – मानत नाही, पण असेल – तर त्याचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा विलासच्या. दाबला दोघांचाही सारखाच, दोनदाच, पहिल्यासारखा. माझ्या बापाला विलासचा राग आलेला नव्हता.

मला आहे.